शेवटचं पाणी

माझं काम एवढंच: कॅमेरा धरणं.
धरणं आणि न हलणं.
डॉक्टर मक्वाला पडद्यावरची नजर न काढता म्हणते,
"तुझा श्वास दिसतोय मला. आवर."

टेबलावर उजव्या कुशीवर इलो, वय एकसष्ट,
अलाझानीच्या खोऱ्यातला.
द्राक्षांच्या तोडणीत ट्रॉलीवरून पडला
आणि डावीकडच्या सहा, सात, आठ
अशा लागोपाठ तीन बरगड्या मोडून बसला.
त्याच रात्री नळी घातली.
पहिल्या दिवशी बाटलीत साडेसातशे, दुसऱ्या दिवशी साठ,
मग नळी मुकी झाली.
रक्त आतल्या आत विरजलं.
ताप रोज संध्याकाळी सहाला यायचा,
उधारी मागायला आल्यासारखा.

थोरले गोचा म्हणाले होते, "उघडा सरळ.
पाठीपासून पुढपर्यंत चीर, बरगड्या फाकवा,
आम्ही असंच करत आलो."
खोटं नाही. त्यांनी वाचवलेली माणसं
गावोगाव आहेत,
आणि थंडी पडली की अजून कूस दाबून बसतात.

आदल्या रात्री इलोने विचारलं होतं, "केवढं भोक?"
"तीन. माझ्या करंगळीएवढी."
तो हसला. हसल्यावर दुखलं. दुखल्यावर शिवी दिली.
"पोरी, चाळीस वर्षं मी दुसरं काय केलं?
दारूचे रांजण धुतो मी, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले.
पुरुषभर खोल, तोंड मात्र घागरीएवढं.
लांब दांडा, त्याला चेरीच्या सालींचा कुंचा,
वरून वाकायचं आणि हाताने बघायचं.
आत गाळ बसला म्हणून
रांजण कुणी फोडत नाही."

नोदारने भूल दिली, डावं फुप्फुस मिटवलं,
ओली छत्री मिटवतात तसं,
आणि सगळा माणूस उजव्यावर टाकला.

आत गेले. आधी नुसता लाल काळोख.
काचेवर थेंब. बाहेर काढ, गरम पाण्यात बुडव, पूस, पुन्हा आत.
पुन्हा थेंब.
तिसऱ्यांदा दिसलं:
काळ्या-जांभळ्या लिबलिबीत गाठी,
आणि फुप्फुसाला छातीशी जखडून ठेवणारे
पिवळट, चिवट पडदे,
आठवड्याभरात कुणी इतकं विणतं?
आठव्या बरगडीचं टोक आत वळलेलं,
त्याच्या बुडाशी एक बारीक शीर अजून झिरपत होती.
मक्वालाने क्लिप लावली. टिक्.
स्टीलची वाटी भरली, रिकामी झाली, भरली.

मग सोलणं.
साल निघावी आणि गराला नख लागू नये,
मिनिटाला बोटभर, कधी तेवढंही नाही.
दीड तासाने माझं मनगट थरथरलं,
पडदा कलंडला, सगळी छाती उतरणीला लागली.
मक्वालाचा चिमटा जागच्या जागी थांबला.
ओरडली नाही.
"क्षितिज सरळ कर," एवढंच.
केलं.

शेवटी कोमट पाणी ओतलं आत.
"फुगव," ती म्हणाली, आणि नोदारने फुगवलं.
करडं, गुलाबी, चाळीस वर्षांच्या सिगारेटींचे काळे ठिपके ल्यालेलं
फुप्फुस कोपरा कोपरा सोडवत वर आलं.
पाण्यात एक बुडबुडा.
दुसरा.
आम्ही सगळेच थांबलो.
तिसरा आला नाही.

चौथ्या दिवशी नळी काढली.
इलो खिडकीशी बसलेला, शर्टाची बटणं उघडी,
तीन टाके स्वतःच मोजत.
"शेवटचं पाणी कसं होतं?"
त्यांच्याकडे रांजण धुणाऱ्याने
शेवटचं पाणी ओंजळीत घेऊन मालकासमोर प्यायचं असतं,
त्याशिवाय मजुरी नाही.
"स्वच्छ," मी म्हणाले.
"प्यायलीस?"
"नाही."
"मग कशावरून?"
"बुडबुडे थांबले."

त्याने डोळे मिटून श्वास घेतला,
जिथे दुखेल असं वाटत होतं तिथपर्यंत,
मग त्याच्याही जरा पुढे.
बराच वेळ धरून ठेवला.
सोडला.
"हं," तो म्हणाला,
"मजुरी द्यायला हरकत नाही."